चोंदलेले नाक आणि सुईएवढी शस्त्रक्रिया

एक छोटा आरसा घ्या. तो नाकाखाली आडवा धरा आणि तोंड मिटून सावकाश श्वास सोडा. आरशावर वाफेचे दोन डाग उमटतील. नीट पाहा, त्यांतला एक बहुधा मोठा आणि दुसरा लहान दिसेल. काही तासांनी हाच प्रयोग पुन्हा केलात, तर मोठा डाग कदाचित दुसऱ्या बाजूला गेलेला आढळेल.

म्हणजेच आपल्या दोन्ही नाकपुड्या एकाच वेळी सारख्या मोकळ्या नसतात. सूर्यनाडी आणि चंद्रनाडी या नावांनी हा फरक आपल्या योगाभ्यासकांना फार पूर्वीपासून परिचित होता. आधुनिक वैद्यकात रिचर्ड कायझर या जर्मन डॉक्टरांनी १८९५ साली त्याचे वर्णन केले. असे का होते हे समजले, की कायम चोंदणाऱ्या नाकावर आज कसा उपचार करतात तेही समजेल.

नाक म्हणजे नुसती नळी नव्हे

नाकाच्या मधोमध एक पडदा असतो. प्रत्येक बाजूला, पडद्याच्या समोरच्या भिंतीवर, एकाखाली एक अशा तीन वळकट्या असतात. डॉक्टर त्यांना ‘टर्बिनेट’ म्हणतात. वळकटीच्या आत पातळ हाड, त्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेला मऊ थर आणि सर्वांत वर ओलसर अस्तर, अशी ही रचना असते. रक्तवाहिन्या भरल्या की वळकटी फुगते, रिकाम्या झाल्या की आकसते. हे आळीपाळीने चालते, म्हणून आरशावरचे डाग लहानमोठे होतात.

मोठे माणूस दिवसाकाठी सुमारे १० हजार लिटर हवा आत घेते. ही सगळी हवा या वळकट्यांवरून जाताना ऊबदार आणि दमट होते. अस्तरावरचे सूक्ष्म केस धूळ अडकलेला चिकट द्राव सतत घशाकडे ढकलत असतात.

हवा अडते कुठे?

‘नाकाचे हाड वाढले आहे’ असे आपण घरोघर ऐकतो. प्रत्यक्षात पुष्कळदा हाड वाढलेले नसते. मधला पडदा वाकडा असतो, किंवा धुळीच्या वा परागकणांच्या ॲलर्जीमुळे खालची वळकटी कायमची सुजलेली असते. लहान मुलांत नाकामागची ‘ॲडिनॉइड’ ही गाठ वाढलेली असू शकते.

थोड्याशा सुजेने एवढा त्रास का व्हावा? प्वाझय या फ्रेंच शास्त्रज्ञाचा नियम सांगतो, की सरळ नळीतून संथपणे वाहणाऱ्या प्रवाहाला होणारा अडथळा नळीची त्रिज्या निम्मी केल्यास १६ पट होतो. नाक काही अशी सरळ नळी नाही. पण अरुंद वाटेत थोडासा फरकही फार जाणवतो, हे त्यावरून ध्यानात येते.

कापून टाकले तर?

मग सुजलेली वळकटी कापूनच टाकावी, असे कोणालाही वाटेल. एके काळी अनेक ठिकाणी तसे करीतही असत. परंतु त्यातल्या काही रुग्णांची तक्रार चमत्कारिक होती. नाक आतून चांगले मोकळे दिसे, तरी त्यांना श्वास कोंडल्यासारखे वाटे. १९९४ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये या विकाराला ‘रिकामे नाक’ असे नाव मिळाले.

याचे एक कारण असे, की आपल्याला हवेचा प्रवाह कळतो तो मुख्यतः अस्तराला लागणाऱ्या गारव्यामुळे. सर्दीत पुदिन्याचा अर्क असलेला बाम हुंगला की नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. खरे तर वाट तेवढीच असते. बामातील मेन्थॉल गारवा जाणणाऱ्या मज्जातंतूंना जागे करते, इतकेच! अस्तरच गेले, तर ही जाणीवही जाते.

सुईची करामत

तेव्हा अस्तर राखून फक्त आतला थर कमी करायचा, हे ठरले. १९९८ साली स्टॅनफर्ड येथील डॉक्टरांनी अशा एका पद्धतीचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जागा बधिर करून सुईसारखे टोक वळकटीच्या आत घालतात. त्यातून सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडतात. पेशींमधले आयन वेगाने मागेपुढे हलतात आणि उष्णता निर्माण होते. तापमान साधारणपणे ६० ते ९० अंश सेल्सियस एवढेच ठेवतात. भाजलेला भाग पुढील काही आठवड्यांत आकसतो आणि वाट रुंदावते. वरचे अस्तर बहुतांशी शाबूत राहते. रुग्ण सहसा त्याच दिवशी घरी जातो.

पण ही जादू नव्हे. सुरुवातीचे काही दिवस नाक उलट अधिकच चोंदते. या उपायाने वाकडा पडदा सरळ होत नाही, ॲलर्जी बरी होत नाही आणि काहींची सूज काही वर्षांनी परत येते. म्हणून आधी मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि नाकात मारायचे औषधी फवारे यांचा उपयोग होतो का, हे पाहतात. नाक झटपट मोकळे करणारे थेंब मात्र मनाने दिवसेंदिवस घालू नका. त्यांच्या सवयीने नाक आणखी चोंदते.

तुमच्या वर्गात एखादा मित्र कायम तोंडाने श्वास घेत असेल किंवा झोपेत घोरत असेल, तर त्याला चिडवू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायला सांगा. हवा नेमकी कुठे अडते हे त्यांनी शोधले, म्हणजे सुई लागेल, औषध पुरेल की काहीच करावे लागणार नाही, ते ठरेल.