बीबरच्या सोनाट्यांचें हस्तलिखित

साल्झबुर्ग दरबारचा व्हायोलिनवादक हाइन्रिश बीबर (इ. स. १६४४–१७०४) याचे १५ सोनाटे व एक पासाकालिया यांचें हस्तलिखित म्यूनिक येथील बव्हेरियन राज्यग्रंथालयांत आहे. मुखपृष्ठ गहाळ झाल्यामुळें रचनेचें मूळ नांव व साल कळत नाहीं. परंतु आर्चबिशप माक्सिमिलियन गांडोल्फ यास लिहिलेली अर्पणपत्रिका शिल्लक आहे. त्याची कारकीर्द इ. स. १६६८ ते १६८७; सबब अर्पण याच अवधींतलें ठरतें.

हें हस्तलिखित नुसत्या डोळ्यांनीं वाचणारा फसतो. पहिला सोनाटा व पासाकालिया वगळतां बाकीच्या १४ सोनाट्यांत व्हायोलिनच्या तारा दर वेळीं निराळ्या स्वरांत लावावयाच्या असतात. प्रत्येकाच्या आरंभीं तसा निर्देश आहे. पुढें जे स्वर मांडले आहेत ते ऐकूं येणारे स्वर नव्हेत, तर बोट कोठें ठेवावें याच्या त्या खुणा होत. अकराव्या, म्हणजे ख्रिस्तपुनरुत्थानाच्या, सोनाट्यांत मधल्या दोन तारांची अदलाबदल करावी लागते व वाद्यावरच क्रूसाची आकृति उमटते.

शेवटच्या पासाकालियांत साथ नाहीं. तेच चार उतरते स्वर ६५ वेळां येतात. त्यांवर एकटें व्हायोलिन नवनवीन विस्तार रचीत जातें. इ. स. १९०५ त हा संग्रह प्रथम छापला गेला. त्याची खरी थोरवी मात्र तारा बीबरच्या निर्देशाप्रमाणें लावल्यावरच कानीं येते.