मॉरिशसमध्ये स्थानिक जेवण कुठे मिळते?

मॉरिशसचे खरे खाणे समुद्रकाठच्या रिसॉर्टपेक्षा बाजारात आणि रस्त्याकडेच्या गाड्यांवर सापडते. भारतीय, आफ्रिकी, चिनी आणि फ्रेंच अशा चारही परंपरा तिथे एकत्र नांदतात.

सुरुवात राजधानी पोर्ट लुईच्या सेंट्रल मार्केटपासून करावी. तिथली ‘ढोल पुरी’ म्हणजे शिजवून बारीक केलेली डाळ भरलेली मऊ, पातळ पोळी. ती पुरणपोळीसारखी दिसते, पण गोड नसते. दोन पोळ्यांवर घेवड्याच्या मोठ्या दाण्यांचा रस्सा, टोमॅटोचा ‘रुगाय’ आणि मिरचीची चटणी घालून कागदात गुंडाळून देतात. ‘गातो पिमाँ’ हे डाळवड्याचे भावंड. सकाळी लोणी लावलेल्या पावात घालून खातात. सोबत दूध, सब्जा आणि अगर-अगरचा थंडगार ‘आलुदा’ घ्यावा.

जवळच्या चायनाटाउनमध्ये तळलेल्या नूडल्स, म्हणजे ‘मिन फ्री’, आणि वाफवलेले ‘बुलेत’ मिळतात.

राजधानीबाहेर आठवडी बाजार गाठावेत: माहेबुर्गचा सोमवारी, फ्लाकचा बुधवारी आणि रविवारी. मोहरी-हळदीतला माशांचा ‘विंदाय’ आणि ऑक्टोपसची करी चाखायची, तर ‘ताब्ल दोत’ पद्धतीची घरगुती खानावळ उत्तम. मात्र तिथे आधी कळवावे लागते.

शाकाहारींनी ढोल पुरी बिनधास्त खावी, पण मिन फ्री मागवताना अंडे आणि मांसाबद्दल विचारून घ्यावे. गाड्यांसाठी सुटे मॉरिशियन रुपये जवळ ठेवावेत आणि दुपारच्या आतच पोहोचावे, कारण चांगला माल लवकर संपतो.