डोळ्यांपुढची चिलटं: कधी सोडून द्यायची, कधी गाडी काढायची?

आजचा विषय डोळ्यांचा आहे, आणि तो माझ्या घरातूनच आलाय.

मी नांदूरघाटचा, बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातला. काम सॉफ्टवेअरचं, चष्मा उणे साडेपाचचा. घरून काम करत होतो तेव्हा लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनवर मला धाग्यासारखं काहीतरी तरंगताना दिसायचं. आधी वाटलं, स्क्रीनच गेली. पुसली, तरी तेच. मग गच्चीवर जाऊन आभाळाकडे बघितलं, तर तिथंही तोच धागा! म्हणजे लॅपटॉप ठीक होता, भानगड डोळ्यात होती.

याला फ्लोटर्स म्हणतात. आपल्याकडे लोक म्हणतात, 'डोळ्यांपुढं चिलटं उडतात'. गंमत म्हणजे जुन्या लॅटिन नावाचा अर्थही 'उडत्या माश्या' असाच आहे.

आता हे होतं कशामुळे? डोळ्याच्या गोळ्याचा जवळपास ८० टक्के भाग एका पारदर्शक जेलीने भरलेला असतो. तिला व्हिट्रियस म्हणतात, मराठीत काचाभ द्रव. साधारण ४ मिलिलिटर असते ती. त्यातलं ९८-९९ टक्के पाणीच, बाकी कोलॅजनचे अतिशय बारीक तंतू आणि हायलुरॉनिक ॲसिड. दही लावून ठेवलं की काही वेळाने त्याला पाणी सुटतं ना? वय वाढतं तसं या जेलीचंही तेच होतं. पाणी वेगळं होतं आणि तंतू एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. या गुठळ्यांची सावली मागच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर पडते. आपण बघतो ती ही सावली. म्हणून नजर फिरवली की ती पळते आणि थांबलं की हळूहळू खाली येते.

मग माझ्यासारख्या तरुणाला का दिसतात? मायनस नंबर जास्त असेल तर डोळ्याचा गोळा लांबट असतो. नॉर्मल डोळा साधारण २४ मिलिमीटरचा, आमचा त्याहून लांब. त्यामुळे जेलीला लवकर पाणी सुटतं. आणि हो, मोबाईल बघून फ्लोटर्स तयार होत नाहीत. उजेडात बाहुली लहान होते, सावली ठळक पडते, म्हणून पांढऱ्या स्क्रीनवर ते जास्त दिसतात इतकंच.

इथपर्यंत घाबरण्यासारखं काही नाही. मेंदू हळूहळू त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो.

पण मागच्या वर्षी एका संध्याकाळी अण्णा म्हणाले, "आरं, आज चिलटं लई झालीत का रं? अन् कोपऱ्यात ईज चमकल्यागत होतंय."

घरात एकही चिलट नव्हतं. शेजारचे म्हणाले, उष्णता असंल, गुलाबपाणी घाला. अण्णाही म्हणाले, "दुखत तर न्हाई, सोयाबीन काढून झालं की जाऊ." खरा धोका याच वाक्यात आहे, कारण रेटिनाला दुखत नाही.

काय झालेलं असतं? साधारण पन्नाशीनंतर ही आकसलेली जेली रेटिनापासून सुटते. बहुतेकांची ती नीट सुटते. पण काहींच्या बाबतीत ती रेटिनाला ओढते. त्या ओढीने प्रकाशाचे झटके दिसतात आणि कधी रेटिनाला चीर पडते. चिरेतून पाणी मागे गेलं की भिंतीचा पोपडा सुटावा तसा पडदा सुटतो. मधला भाग सुटला, तर ऑपरेशननंतरही नजर पूर्ण परत येईलच असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही अंबाजोगाईला गेलो, तिथून लातूरला रेटिनाच्या डॉक्टरांकडे. चीर होती, पण पडदा अजून सुटला नव्हता. लेझरने चिरेभोवतीची जागा चिकटवली आणि संध्याकाळी आम्ही घरी परत आलो.

म्हणून हे लक्षात ठेवा आणि घरच्या मोठ्यांनाही सांगा. एक-दोन जुनी चिलटं असतील तर सवडीने डोळे तपासा. पण अचानक ठिपक्यांचा पाऊस, विजेसारखे झटके, किंवा एका बाजूने काळा पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शुगर असणाऱ्यांनी तर जास्तच जपा, कारण डोळ्यात रक्तस्राव झाला तरी असेच काळे धागे दिसतात. मायनस नंबर मोठा असेल तर त्रास नसतानाही वर्षातून एकदा रेटिना दाखवा. तपासणीत बाहुली मोठी करायला थेंब घालतात, काही तास अंधुक दिसतं. त्यामुळे एकटे मोटरसायकलवर जाऊ नका, कुणाला तरी सोबत न्या.

आणि एक. लेझरने चीर बंद होते, चिलटं जात नाहीत. अण्णांना ती अजून दिसतात. परवा ओसरीवर बसून हवेत हात मारत होते. मी विचारलं, "खरी का खोटी?" तर म्हणाले, "ही खरी हायती, लाईट बंद कर."

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.