एक तारीख चुकली आणि…

आपल्या असोद्याहून जळगावचे कोर्ट जवळच, तरीही तारखा चुकतात. समजा, एखाद्या विधवा भगिनीने मरहूम पतीच्या विम्याच्या रकमेसाठी दिवाणी दावा लावला. पुकारा झाला तेव्हा विमा कंपनीचा वकील हजर आणि आपल्या बाजूचे कोणीच नाही. मग दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश ९, नियम ८ प्रमाणे दावा गैरहजेरीत खारीज होतो. मागणी खरी की खोटी, हे तपासलेही जात नाही. त्याच कारणावरून नवा दावाही लावता येत नाही.

यावर उपाय म्हणजे ३० दिवसांच्या आत त्याच कोर्टात दावा पुन्हा सुरू करण्याचा अर्ज. गैरहजेरीचे सबळ कारण द्यावे लागते. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद जोडावेत.

‘वकीलसाहेब बघतील’ म्हणून आपण निर्धास्त राहतो. रफीक विरुद्ध मुन्शीलाल (१९८१) या प्रकरणात वकील न आल्याने उच्च न्यायालयात फेटाळलेले अपील सुप्रीम कोर्टाने पुन्हा सुरू करायला लावले. वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको, असे कोर्टाने म्हटले. पण ही सबब दरवेळी चालत नाही.

म्हणून आम्ही सांगतो, दाव्याचा सीएनआर क्रमांक मागून घ्या. घरातल्या शिकलेल्या मुलीला ई-कोर्ट्स ॲपवर पुढची तारीख पाहू द्या. वकिलाची फी परवडत नसेल तर १५१०० वर फोन करा. स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.

यतीम लेकरांचा हक्क आपल्याकडे अमानत आहे. तो एका तारखेपायी जाऊ देऊ नका.