चोपडी उघडणारा कायदा

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजारगावात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. धान्य लुटलं गेलं, कापड लुटलं गेलं, पण जमावाचा खरा डोळा होता कर्जखतांवर आणि खातेवह्यांवर. हाती लागतील ते कागद बाहेर आणून पेटवून दिले. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत हे लोण पसरलं. बहुतेक ठिकाणी सावकाराच्या जिवाला धक्का लागला नाही. जळाले ते कागद.

कागदांवर एवढा राग कशासाठी? अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं, तिथला कापूस पुन्हा बाजारात येऊ लागला, दख्खनच्या कापसाचा भाव उतरला आणि सावकारांनी हात आखडता घेतला. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताचं आयुष्य तीन वर्षांचं केलं होतं. हेतू कुळाच्या भल्याचा, पण सावकाराने त्यावर तोड काढली. तीन वर्षं भरत आली की थकलेलं व्याज मुद्दलात मिळवायचं आणि नव्या खतावर अंगठा घ्यायचा. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाला शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावल्याचं प्रकरणही सापडलं.

त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. खतावर अंगठा आहे एवढ्यावर हुकूमनामा देऊ नका, मागे जाऊन मूळ व्यवहार तपासा, अवास्तव व्याज कापा, असं त्याने न्यायाधीशांना सांगितलं. पावती आणि हिशेबाचा उतारा हा कुळाचा हक्क ठरला. हिंदू कायद्यातलं दामदुपट आधीपासून होतंच: एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाहून जास्त असता कामा नये. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यानेही हीच मर्यादा घातली.

आज मात्र कर्जदार कोणाच्या दारात उभा आहे, यावर त्याचं संरक्षण ठरतं. गावातल्या सावकाराला महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी कायदा लागू होतो. त्याखाली व्याजाचे दर ठरवून दिलेले आहेत: शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२, इतरांना १५ आणि १८. परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बँकांना असा लगाम नाही. बँकेने लावलेलं व्याज जास्त आहे एवढ्याच कारणावरून न्यायालयाने व्यवहार पुन्हा उघडू नये, असं कलम १९८४ मध्ये बँकिंग नियमन कायद्यात घातलं गेलं. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या बिगरबँक वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे १८७९ साली न्यायाधीशाच्या हाती दिलेली चोपडी मोठ्या सावकारापुरती पुन्हा मिटली.

क्रेडिट कार्डाचं प्रकरण याचा उत्तम नमुना आहे. थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. वर्षाचे ते ४२ होतात. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ठरवलं, की कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका अपिलात गेल्या. सोळा वर्षांनी, डिसेंबर २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. दोघांनी मान्य केलेल्या कराराच्या अटी आयोगाला बदलता येणार नाहीत, असं न्यायालय म्हणालं. कार्डाच्या अर्जावरची बारीक अक्षरं किती ग्राहक वाचून मान्य करतात, हा प्रश्न राहतोच.

दराला हात लावायचा नाही, पण सगळं आधी सांगायला लावायचं, हा आजच्या नियमांचा पवित्रा आहे. किरकोळ मुदतकर्जासाठी १ ऑक्टोबर २०२४ पासून ‘मुख्य तथ्य विवरण’ देणं बंधनकारक झालं. प्रोसेसिंग फी, विमा वगैरे धरून कर्ज वर्षाला प्रत्यक्षात किती टक्क्यांना पडतं, ते त्यात छापावं लागतं आणि तेही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. मराठीत मागितलं तर ‘सिस्टीममध्ये इंग्रजीच आहे’ हे उत्तर चालणार नाही. जो आकार विवरणात नाही, तो कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. मात्र क्रेडिट कार्डाला यातून सूट आहे!

मोबाइलवरच्या कर्जांच्या बाबतीत विवरणातल्या या वार्षिक दराचं मोल कळतं. समजा, दहा हजारांचं कर्ज मंजूर झालं, फी कापून हातात सात हजार आले आणि आठवड्यात दहा हजार परत मागितले. साध्या हिशेबानेही हा दर वर्षाला दोन हजार टक्क्यांच्या वर जातो. अशा ॲपना फोनमधले संपर्क आणि फोटो उघडायला रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये मनाई केली, कारण वसुलीसाठी नातेवाइकांना फोन करून बदनामी करण्याचा धंदाच सुरू झाला होता. थकबाकीदाराला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायलाही बंदी आहे.

काही नियमांना खरे दात आहेत. गृहकर्ज फिटल्यावर घराची मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यायची. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. हप्ता चुकला तर दंड घेता येतो, पण तो मुद्दलात मिसळून त्यावर व्याज चढवता येत नाही. सुप्याच्या शेतकऱ्यांना हा नियम चटकन कळला असता.

बँकेविरुद्ध दाद मागायची तर आधी बँकेकडेच लेखी तक्रार करून पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. गावोगावच्या पतसंस्थांचा मार्ग मात्र वेगळा आहे. त्या लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत. त्यांची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे न्यावी लागते. अवैध सावकारीच्या तक्रारीही जिल्हा उपनिबंधकाच्या त्याच कचेरीत घेतल्या जातात.