‘विलैयिल्ला’ आणि ‘लक्ष्मीदर्शन’ : निवडणुकीतील पैशाची परिभाषा

निवडणुकीतील पैशाचा विचार सामान्यतः राज्यशास्त्राच्या कक्षेत केला जातो. परंतु देणगी, दान, इनाम आणि लाच यांमधील सीमारेषा प्रथम भाषेत आखल्या जातात. त्यामुळे तौलनिक अभ्यासकालाही हा विषय टाळता येत नाही.

चेन्नईतील राधाकृष्णन नगर मतदारसंघाचे उदाहरण बोलके आहे. जयललिता यांच्या निधनाने रिक्त झालेल्या या जागेसाठी १२ एप्रिल २०१७ रोजी मतदान व्हावयाचे होते. तत्पूर्वी आयकर विभागाच्या छाप्यांत सुमारे ८९ कोटी रुपयांच्या वाटपाचा तपशील दर्शविणारी कागदपत्रे हाती लागली. हिशेब मतदारामागे ४,००० रुपयांचा होता. विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा तेव्हा २८ लाख रुपये होती! ९ एप्रिलला निवडणूक आयोगाने ती निवडणूकच रद्द केली. मतदान केंद्र बळकावल्यास काय करावे हे लोकप्रतिनिधित्व कायदा स्पष्टपणे सांगतो. पैसेवाटपाबाबत मात्र तशी तरतूद नसल्याने आयोगाला संविधानाच्या अनुच्छेद ३२४चा आधार घ्यावा लागला.

याच प्रदेशात ‘देण्या’चे दुसरे, उघड रूपही आहे. २००६च्या द्रमुकच्या जाहीरनाम्यातील रंगीत दूरचित्रवाणी संच आणि २०११मध्ये दोन्ही प्रमुख पक्षांनी जाहीर केलेल्या गृहोपयोगी वस्तू यांना तमिळमध्ये ‘इलवसम’, म्हणजे फुकट, म्हटले जाई. जयललिता सरकारने त्याऐवजी ‘विलैयिल्ला’ हा शब्द रूढ केला. ‘ज्याला किंमत लावलेली नाही ते’ असा त्याचा अर्थ होतो आणि त्यात घेणाऱ्याचा कमीपणा पुसला जातो. मराठीतील ‘लक्ष्मीदर्शन’ नेमके उलट काम करते. ते पुण्याच्या परिभाषेत पापाचा उल्लेख करते. बोलणारा हसतो, पाकीट घेणाराही हसतो. एक शब्द प्रतिष्ठा देतो, दुसरा उपरोधाने लाज झाकतो. सुब्रमण्यम बालाजी खटल्यात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने जाहीरनाम्यातील आश्वासन भ्रष्ट आचार ठरत नाही असे म्हटले, तरी त्याने निवडणुकीच्या निकोपतेला धक्का पोहोचतो हेही नोंदविले. कायद्यालाही हा शब्दभेद पुरता सुटलेला नाही, असे यावरून दिसते.

मतदाराच्या हाती पडणारे पाकीट हे या व्यवहाराचे केवळ शेवटचे टोक होय. १९५७मध्ये मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायाधीश छागला यांनी टाटा कंपनीला राजकीय देणग्यांची मुभा दिली. मात्र देताना लोकशाहीला असलेल्या धोक्याचा इशाराही दिला. १९७४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने केलेला खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला, तेव्हा संसदेने लगेच कायदा बदलून ती वाट बंद केली. परिणामी उमेदवारावर मर्यादा आहे (मोठ्या राज्यांत विधानसभेसाठी २०२२पासून ४० लाख), पक्षावर नाही. २०१८चे निवडणूक रोखे देणगीदाराचे नाव मतदारापासून लपवीत. ते १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरले. त्या गुप्त देण्याला मात्र मराठीत वा तमिळमध्ये बोचरा शब्द रुळला नाही. झोपडीत पोहोचणाऱ्या पैशाला लोकभाषेने नाव ठेवले. तिजोरीतून निघणाऱ्याला ते मिळालेले नाही.