पुठ्ठ्याचा मुकुट आणि हळदीचे पराग : वर्गातील मधमाशीविषयीचे गैरसमज व वस्तुस्थिती

प्राथमिक वर्गांत मधमाशी शिकवताना नाट्यीकरण, कागदकाम, चित्र रंगवणे अशा कृतींचा आधार घेतला जातो आणि तो योग्यच आहे; परंतु लहान वयात हातांनी केलेली गोष्ट ऐकलेल्या गोष्टीपेक्षा पक्की बसते, त्यामुळे कृतीच चुकीच्या कल्पनेवर बेतलेली असेल, तर तो गैरसमज पुढे पुस्तकाने सहजासहजी पुसला जात नाही.

सर्वांत रूढ गैरसमज राणीमाशीविषयीचा आहे. नाटुकल्यात एका मुलीच्या डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट चढतो आणि ती इतरांना हुकूम सोडते. वस्तुतः अंडी घालणे हे राणीमाशीचे मुख्य काम असून, तिच्या अंगातून स्रवणाऱ्या गंधद्रव्यांमुळे वसाहत एकत्र राहत असली, तरी कोणी कोणते काम करायचे याचे आदेश ती देत नाही. ती जन्मतः वेगळीही नसते : फलित अंड्यातून निघालेल्या अळीला अखेरपर्यंत राजान्न, म्हणजे तरुण कामकरी माश्यांच्या डोक्यातील ग्रंथींतून स्रवणारा पौष्टिक रस, भरपूर मिळाले तर तिची राणी होते, आणि पहिल्या काही दिवसांनंतर तिला पराग व मध यांचे मिश्रण मिळू लागले तर कामकरी माशी. कामकरी माशीचे कामही वयाप्रमाणे बदलते. ती आधी पोळ्याची सफाई करते, मग अळ्यांना भरवते, मेण स्रवून बांधकाम करते, दारावर पहारा देते आणि आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात मकरंद आणायला बाहेर पडते. म्हणून एकेका मुलाला एकच काम वाटून देण्याऐवजी टाळी वाजताच प्रत्येकाने पुढचे काम घ्यायचे, हा खेळ अधिक खरा ठरतो. मुकुटावरून होणारे भांडणही त्यामुळे टळते.

दुसरा गैरसमज चित्रातून येतो. रंगवायला दिलेल्या छापील चित्रांत मधमाश्यांचे घर पुष्कळदा पिवळ्या घुमटासारखे असते. ते युरोपात पूर्वी वापरल्या जाणाऱ्या गवती टोपलीचे चित्र आहे आणि महाराष्ट्रातील झाडांवर तसे काहीही दिसत नाही. येथे आग्या माशी उंच फांदीला, कड्याला किंवा इमारतीच्या छज्ज्याला एकच मोठे उघडे पोळे लावते, फुलोरी माशी झुडपाच्या फांदीवर छोटेसे पोळे बांधते, तर सातेरी माशी ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत शेजारी-शेजारी अनेक पोळी बांधते, आणि म्हणूनच ती लाकडी पेटीत पाळता येते. या भेदाला सुरक्षिततेचेही अंग आहे. मधमाश्यांतील नराला नांगी नसते आणि फुलावर बसलेली कामकरी माशी डिवचल्याखेरीज सहसा डंख करत नाही, हे सांगताना आग्या मोहोळाला दगड मारल्यास थवाच्या थवा अंगावर येतो, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

मध फुलात तयार असतो, ही समजूतही तशीच चुकीची आहे : फुलात असतो तो पातळ मकरंद, आणि माशीच्या पाचकरसांची प्रक्रिया होऊन व पंखांच्या वाऱ्याने पाणी आटून, ते साधारण 20 टक्क्यांच्या खाली आल्यावर त्याचा मध होतो.

परागीभवनाच्या, म्हणजे फुलातील पराग स्त्रीकेसरापर्यंत पोहोचण्याच्या खेळात मुले बोटांना हळद लावून समोर येईल त्या कागदी फुलाला शिवत सुटतात, आणि कोणत्याही फुलाचे पराग कोणत्याही फुलाला चालतात, असा चुकीचा धडा नकळत घेतात. प्रत्यक्षात मधमाशी एका फेरीत बहुधा एकाच जातीच्या फुलांवर जाते व त्यामुळेच वनस्पतीला तिचा उपयोग होतो. एका जातीच्या फुलांत हळद आणि दुसरीच्या फुलांत गेरूची पूड ठेवून, सुरुवात केली त्याच जातीवर फेरी पूर्ण करण्याचा नियम घातला, की खेळ दुरुस्त होतो. मात्र मधमाश्या नसतील तर सारे अन्नच संपेल, हे विधान अतिशयोक्तीचे आहे, कारण भात आणि गहू मुख्यतः स्वतःच्याच परागांवर, तर मका वाऱ्यावर विसंबून असतो. भोपळ्यासारख्या वेलींची गोष्ट वेगळी आहे; तेथे नर आणि मादी फुले निरनिराळी असतात, मादी फुलाच्या देठाशी इवलासा भोपळा आधीच दिसतो आणि पराग पोहोचले नाहीत तर तो पिवळा पडून गळतो. शाळेच्या कुंपणावर एक वेल असली, तर कागदी फुलांची गरजही उरत नाही. फक्त भोपळ्याचे फूल पहाटे उमलून दुपारच्या आत मिटते, म्हणून हे निरीक्षण सकाळच्या पहिल्या तासालाच घ्यावे.